चौदाजणींची वेळ तीच, तास तेच, मग एफटीई दर महिन्याला का हलतो?

ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आमच्या फायनान्सच्या साहेबांचा फोन आला. "जुलैत वागळेच्या ऑफिसात नवीन कोण लागलं?"

म्हटलं, कोणीच नाही.

"मग बजेटमध्ये अर्धवेळवाल्यांचा मिळून एफटीई ६.३० होता, तो आता ७.२८ कसा? एक अख्खं माणूस वाढलंय आणि एचआर म्हणतं कोणीच नाही."

ते माणूस शोधण्यात माझे आठ दिवस गेले. ते कुठे सापडलं आणि सापडल्यावर त्याच्यामागून आणखी काय बाहेर आलं, ते इथे लिहून ठेवते. नवं एचआर सॉफ्टवेअर घेतलेल्या बऱ्याच ठिकाणी हा आकडा असाच सुटत असणार. आमच्या सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम घेत नाही. दोष त्याचा कमी आणि सेटअप करताना आम्ही डोळे मिटून ठेवलेल्या आकड्यांचा जास्त होता.

एफटीई म्हणजे 'फुल-टाइम इक्विव्हॅलंट', एक माणूस पूर्णवेळ माणसाच्या किती भाग आहे हे सांगणारा आकडा. शाळेतला साधा अपूर्णांक. अंशात त्या माणसाचे आठवड्याचे ठरलेले तास, छेदात त्याच ठिकाणच्या पूर्णवेळ माणसाचे आठवड्याचे तास. दोन्ही सारखे असले की १.००. एवढ्याशा भागाकारात चुकायला जागा कुठे आहे, असं मलाही वाटायचं.

आमच्याकडे ठाण्याच्या वागळे इस्टेटला बॅक ऑफिस आहे. पूर्णवेळवाले सोमवार ते शुक्रवार रोज ८ तास, जेवणाची सुट्टी वगळून. दुसरा आणि चौथा शनिवार बंद, बाकीचे चालू. शिवाय सकाळी १० ते दुपारी २ अशा चौदाजणी आहेत, सोमवार ते शुक्रवार, रोज ४ तास, शनिवार नाही. बहुतेकींना मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळायच्या असतात. यातल्या एकीचीही वेळ वर्षभरात बदललेली नाही. तरी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकीचा एफटीई असा दिसत होता:

फेब्रुवारी ०.४५
मार्च ०.४८
एप्रिल ०.५०
मे ०.५०
जून ०.४८
जुलै ०.५२

पूर्णवेळवाले मात्र सगळे १.००, एका रेषेत. म्हणून कोणाचं लक्षच गेलं नाही. शंभर ओळींच्या रिपोर्टमध्ये चौदा ओळी हलतात तेव्हा माणूस म्हणतो, यांचंच काहीतरी असेल.

मार्चमध्ये पहिल्यांदा दिसलं तेव्हा आम्ही "राउंडिंग असेल" म्हणून सोडून दिलं. एप्रिलमध्ये पेरोलच्या मुलाने चौदाही जणींचा एफटीई हाताने ०.४५ केला आणि सेव्ह केला. १ मेला परत ०.५०. त्याने परत दुरुस्त केला, १ जूनला ०.४८. जूनमध्ये वैतागून त्याने एक्सेलची वेगळी शीट ठेवली आणि दर महिन्याला रिपोर्टमध्ये बरोबर आकडा चिकटवून पाठवायला लागला. जुलैत तो आठवडाभर गावी गेला, रिपोर्ट थेट सिस्टिममधून गेला आणि साहेबांचा फोन आला. चूक जुनी होती, ती झाकणारा माणूस तेवढा रजेवर होता.

आता ही खूण लक्षात ठेवा. हाताने बदललेला आकडा ठरावीक तारखेला परत फिरत असेल तर चूक त्या आकड्यात नसते. कोणतं तरी काम रात्री चालतं आणि ते तुमच्या आकड्यावर लिहून जातं. आकडा दुरुस्त करत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आधी ते काम शोधा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीसोबत "कोणी बदललं, केव्हा" हा इतिहास असतो. आमच्याकडे त्यात दर महिन्याच्या १ तारखेला रात्री दोन वाजता 'सिस्टिम' असं नाव होतं. त्या वेळी चालणारं एकच काम होतं, रोस्टरचं (कोण कोणत्या दिवशी किती तास येणार त्या तक्त्याचं) इम्पोर्ट.

मग मी एफटीई सोडून त्याच्या शेजारचं फील्ड बघितलं, साप्ताहिक तास. जुलैत तिथे २३ होते. जी बाई आठवड्याला २० तास येते तिचे २३? जुलै २०२५ मध्ये सोमवार ते शुक्रवारचे दिवस २३. रोजचे ४ तास धरले की महिन्याचे ९२. आमच्या रोस्टरमध्ये भरपगारी सुट्टीचे तासही धरले जातात, त्यामुळे सणवारांनी फरक पडत नाही. आता ९२ ला २३ ने भागा. उत्तर ४.

घोडं इथे पेंड खात होतं. सेटअपच्या एका कोपऱ्यात 'महिन्याचे आठवडे' नावाचं खातं होतं, त्यात सॉफ्टवेअरने आधीपासून ४ भरून ठेवलं होतं आणि आम्ही ते तसंच राहू दिलं होतं. रोस्टरमधले महिन्याचे तास भागिले ४, म्हणजे साप्ताहिक तास, असं गणित दर १ तारखेला चालायचं. बरोबर चार आठवड्यांचा महिना वर्षात एकच, २८ दिवसांचा फेब्रुवारी. आणि आमची चाचणी झाली होती कुठल्या महिन्यावर? फेब्रुवारी २०२५. सगळे आकडे चोख आले, सगळ्यांनी सह्या केल्या.

पूर्णवेळवाले का हलले नाहीत, हे कोडं उरलं होतं. चाचणीच्या प्रतीवर (खऱ्या डेटावर नव्हे, कृपा करून) मी 'एफटीई कमाल १.००' ही मर्यादा काढून टाकली आणि जुलै परत चालवला. सगळेच्या सगळे पूर्णवेळवाले १.१४! २३ दिवस अधिक दोन चालू शनिवार, २५ दिवसांचे २०० तास, भागिले ४ म्हणजे ५०, आणि आमचा छेद होता ४४. म्हणजे रोग सगळ्यांनाच झाला होता. मर्यादेमुळे शंभर जणांचा ताप थर्मामीटरवर दिसत नव्हता, चौदाजणींचा दिसत होता. या मर्यादेबद्दल माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: छापायच्या रिपोर्टमध्ये ती ठेवा हवी तर, पण मूळ फील्डवर ठेवू नका. १.१४ दिसला असता तर मार्चमध्येच आरडाओरड झाली असती.

सॉफ्टवेअरवाल्यांना तक्रारीचं तिकीट टाकलं. उत्तर आलं की ४ च्या जागी ४.३३ घाला, वर्षाचे ५२ आठवडे भागिले १२. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. करून बघा. फेब्रुवारीचे ८० तास भागिले ४.३३ म्हणजे १८.५. जुलैचे ९२ भागिले ४.३३ म्हणजे २१.२. वर्षाची सरासरी जागेवर येईल, पण दर महिन्याचा आकडा हलतच राहील, फक्त आता खालीही जाईल आणि वरही. आपल्याला हवेत २०, जे तिच्या नेमणूकपत्रात लिहिलेले आहेत आणि ज्यांना कॅलेंडरशी काही देणंघेणं नाही.

म्हणून खरा उपाय भाजक बदलण्यात नव्हता. एफटीईचा अंश रोस्टरवरून घ्यायचाच नसतो. रोस्टर सांगतं माणूस या महिन्यात किती तास येणार. एफटीई सांगतो त्याच्याशी आपला करार किती तासांचा आहे. ओव्हरटाइम केला म्हणून तो वाढत नाही, बिनपगारी रजा घेतली म्हणून घटत नाही. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेवर गेलेली बाई त्या काळात शून्य होत नाही. तिची जागा, तिचे तास तसेच असतात. प्रत्यक्ष किती तास भरले हे हवं असेल तर तो वेगळा रिपोर्ट काढा, त्याला एफटीई म्हणू नका. आम्ही इम्पोर्टच्या सेटिंगमधली 'रोस्टरवरून साप्ताहिक तास अद्ययावत करा' ही खूण काढली आणि ते फील्ड फक्त एचआरला बदलता येईल असं केलं.

तुमच्याकडे वर्कडे हे एचआर सॉफ्टवेअर असेल तर अंशाचं आणि छेदाचं अशी ही दोन फील्डं 'स्केड्यूल्ड वीकली अवर्स' आणि 'डिफॉल्ट वीकली अवर्स' या नावांनी दिसतील. सॅप या सॉफ्टवेअरमध्ये नियोजित कामाची वेळ इन्फोटाइप ०००७ नावाच्या नोंदीत असते आणि तिथेच रोजगाराची टक्केवारीही. आमचं सॉफ्टवेअर या दोन्हींपैकी नाही, पण पळसाला पाने तीनच. अंश कुठून येतो आणि छेद कुठून येतो, हे दोन प्रश्न विचारायचे.

छेदाचीही एक गंमत निघाली. आम्ही ४४ धरला होता. एक आठवडा ४८ तासांचा, एक ४० चा, सरासरी ४४. सगळेच असं करतात. पण दुसरा आणि चौथा शनिवार बंद याचा अर्थ "एक आड एक" असा होत नाही. काही महिन्यांत पाचवा शनिवार येतो आणि तो आमच्याकडे चालू असतो. २०२५ मध्ये असे महिने चार: मार्च, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. वर्षाचे ५२ शनिवार, त्यातले २४ बंद, उरले २८ चालू. ५२ आठवड्यांचे चाळीसने २०८० तास अधिक शनिवारचे २२४, मिळून २३०४. भागिले ५२, म्हणजे ४४.३१. फरक लहान आहे, पण एकाच्या अर्धवेळेत नाही तरी चौदाजणींच्या बेरजेत दिसतो. शिवाय ऑडिटवाल्यांनी "४४ कुठून आणला" विचारलं तर दाखवायला गणित असतं.

हा २०८० आकडा अनेकांना ओळखीचा वाटेल, कारण इंटरनेटवर एफटीईचं सूत्र शोधलं की तो हमखास समोर येतो. तो अमेरिकेतल्या ४० तासांच्या, शनिवार नसलेल्या आठवड्याचा आहे. आमच्या एका नव्या मुलीने तोच एक्सेलमध्ये घातला होता आणि सगळ्या पूर्णवेळवाल्यांचा एफटीई १.११ आला होता. अमेरिकेच्या आरोग्यविम्याच्या कायद्यात तर आठवड्याला सरासरी ३० तास भरणारा पूर्णवेळ धरतात आणि मालक मोठा की लहान हे ठरवताना अर्धवेळवाल्यांचे महिन्याचे तास १२० ने भागतात. त्या हिशोबाचा हेतूच वेगळा आहे, तो वागळे इस्टेटला आणू नका. तसंच उलट टोक. "कायद्यात ४८ आहे म्हणून छेद ४८" असंही काही जण करतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची ४८ तास ही कमाल मर्यादा आहे. तुमच्या ऑफिसचा पूर्णवेळ आठवडा तेवढाच असेल असं नाही.

नवी मुंबईत रबाळ्याला आमचा छोटा कारखाना आहे, तिथे मात्र खरोखर सहा दिवसांचे ४८ तास आहेत. छेद ठिकाणानुसार उचलला जातो, त्यामुळे वागळ्याहून रबाळ्याला बदली झालेल्या दोघांचा एफटीई ०.९२ दिसत होता. पूर्णवेळ माणूस, रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने जातोय, सहा दिवस काम करतोय आणि सिस्टिम म्हणते हा पूर्ण नाही. त्यांचं ठिकाण बदललं, छेद ४८ झाला, पण अंशात वागळ्याचेच तास राहिले. उलट दिशेने आलेल्यांचा १.०८ झाला असणार, पण तो मर्यादेत दबून १.०० दिसला. बदलीच्या फॉर्मवर आता साप्ताहिक तास भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एवढं केलं की हा प्रश्न संपतो.

एक वेगळी टीम इंग्लंडच्या क्लायंटसाठी काम करते. त्यांना महिन्याला ३७.५ तासांच्या आठवड्यावर आधारलेला आकडा हवा असतो, तिकडे तसाच आठवडा रूढ आहे. त्यासाठी कोणीतरी त्या टीमचा छेदच ३७.५ करून ठेवला होता. असं करू नये. कंपनीचा एफटीई एक, क्लायंटचा दुसरा, दोन वेगळी फील्डं. क्लायंटला ४४.३१ भागिले ३७.५, म्हणजे १.१८ दाखवायचं की १ दाखवायचं, हे तुमच्या करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं. सॉफ्टवेअरने ठरवायची ती गोष्ट नाही.

राउंडिंगचं थोडक्यात. दोन दशांश स्थळं दाखवण्यापुरती ठेवा, साठवताना निदान चार ठेवा, आणि बेरीज न गोलावलेल्या आकड्यांची करा. चौदा गुणिले ०.४५ म्हणजे ६.३०, चौदा गुणिले ०.४५१४ म्हणजे ६.३२. साहेबांना मी शेवटी ६.३२ हा आकडा दिला.

जुन्या नोंदी दुरुस्त करताना एक सांभाळा. तास खरोखर बदलले असतील तर त्या तारखेची नवी नोंद टाकायची. आकडा चुकीचा पडला असेल तर जुनीच नोंद सुधारायची. आमच्या चौदाजणींच्या नावावर मार्च ते जुलै अशा पाच खोट्या नोंदी होत्या. फक्त शेवटची बदलली असती तर वर्षअखेरच्या रिपोर्टमध्ये त्या परत वर आल्या असत्या. पगाराचा हिशोब पूर्ण होऊन बंद झालेल्या महिन्यांना मात्र हात लावू नका, पेरोल परत उघडलं की नवीन भानगड सुरू होते. आमच्याकडे पगार नेमणूकपत्रातल्या रकमेवर निघतो, एफटीईने गुणून नाही, म्हणून त्या बाजूने वाचलो.

रजेच्या बाजूने नाही वाचलो.

आमच्याकडे पूर्णवेळवाल्यांना महिन्याला २ दिवस रजा जमा होते आणि अर्धवेळवाल्यांना ती एफटीईने गुणून. एफटीई फुगला होता म्हणजे चौदाजणींना रजा जास्त गेली. फेब्रुवारी ते जुलै प्रत्येकीला ५.८६ दिवस जमा झाले होते, ०.४५ प्रमाणे हवे होते ५.४०. साहेब म्हणाले, जास्तीची वळती करा. मी तशी यादी करायला बसले. अर्ध्या दिवसाहून कमी फरकासाठी चौदाजणींना पत्र पाठवायचं, म्हणून आधीच जिवावर आलं होतं.

त्यातल्या एका ताईंना फोन केला, आधी कानावर घालावं म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, मी आठवड्यातून पाच दिवस येते. एक दिवस नाही आले तर तुम्ही एक रजा कापता. तुम्हीही एक दिवस नाही आलात तर एकच कापतात. मग मला वर्षाला अकरा आणि तुम्हाला चोवीस कशा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्या बरोबर होत्या. चोवीस दिवसांची रजा म्हणजे माझे १९२ तास. त्याला ०.४५१४ ने गुणलं की त्यांचे ८६.७ तास. त्यांचा दिवस ४ तासांचा, म्हणजे २१.७ दिवस. आम्ही तासांचं प्रमाण दिवसांना लावत होतो. जमा करताना त्यांचा दिवस अर्धा धरायचा आणि कापताना पूर्ण. पडताळा दुसऱ्या बाजूनेही बसतो: पूर्णवेळवाला सरासरी आठवड्याला ५.५४ दिवस येतो, त्या ५ दिवस येतात. २४ गुणिले ५ भागिले ५.५४, परत तेच २१.७.

आणि यात कायद्याचा प्रश्नही होता. याच २०१७ च्या कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा मिळते. दिवस मोजायचे, तास नाही. २४० दिवसांचे झाले १२. आमच्या गणिताने त्यांना वर्षाला मिळत होते १०.८. म्हणजे फुगलेला एफटीई दुरुस्त करून आम्ही त्यांना कायद्याच्या किमान रेषेखाली ढकलणार होतो.

तेव्हा वळतीची यादी बाजूला ठेवली आणि दुसरी केली. फेब्रुवारी ते जुलै प्रत्येकीला १०.८ दिवस मिळायला हवे होते, मिळाले ५.८६, देणं जवळपास ५ दिवस. चौदाजणींचे मिळून सत्तरच्या आसपास. साहेबांकडे ही फाईल घेऊन गेले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी एक माणूस विचारलं होतं, तुम्ही सत्तर दिवस आणलेत." सही मात्र केली.

सेटिंगमध्ये बदल असा केला: रजेचं खातं दिवसांऐवजी तासांत ठेवलं, जमा तासांत, वजा त्या माणसाच्या त्या दिवसाच्या ठरलेल्या तासांत. स्क्रीनवर दिवस दाखवताना ज्याच्या त्याच्या दिवसाच्या तासांनी भागून दाखवायचे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तासांत खातं ठेवायची सोय नसेल तर अर्धवेळवाल्यांसाठी वेगळा रजा गट करा आणि त्यात एफटीई न वापरता आठवड्यातले कामाचे दिवस वापरा. जी आठवड्यातून तीनच दिवस पण पूर्ण आठ तास येते, तिच्यासाठी दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं, त्यामुळे तिच्यावर चाचणी घेऊन समाधान मानू नका. रोज थोडे तास येणाऱ्या माणसावर चाचणी घ्या. आणि ती फेब्रुवारीत घेऊ नका.

सप्टेंबरच्या १ तारखेला सकाळी पेरोलच्या मुलाने रिपोर्ट उघडला. चौदाही ओळींवर ०.४५. त्याने त्याची ती एक्सेल शीट अजून डिलीट केलेली नाही, म्हणतो ऑक्टोबरमध्ये पाच बुधवार, पाच गुरुवार आणि पाच शुक्रवार आहेत, ते होऊन जाऊ दे.